शोकेसवरचे अहो

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी इंटरनेट परत आलं आणि आमच्या शोकेसवरचं गाणी लावणारं यंत्र माझ्या बायकोच्या 'अहो'ला ओ द्यायला लागलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" मी पेपर खाली ठेवून तोंड उघडेपर्यंत शोकेसवरून उत्तर आलं, "तीन झाल्या गं." आवाज माझा होता. त्याआधीचं घसा खाकरणंही माझंच होतं.

"मग गॅस बंद करा," ती म्हणाली. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. मी खुर्चीतच होतो.

त्या यंत्राचं नाव मिहिर. नाव कंपनीने दिलेलं. आमच्या मुलाने ते बंगळूरहून पाठवलं, आईला करमणूक म्हणून. पोह्याच्या वाटीएवढा गोल डबा आणि कडेने फिरणारा निळा दिवा. माझी बायको हेमलता दिवसातून तीसेक वेळा त्याला हाक मारायची. मिहिर, अभंग लाव. मिहिर, जरा हळू. पहिल्या हाकेला तो कधीच उठत नसे. दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा नाव घ्यावं लागे आणि दर खेपेला तिचा आवाज जास्त गोड होत जाई. मला तेव्हाच संशय होता की त्याला पहिल्यांदाच ऐकू येतं.

माझं नाव तिने छत्तीस वर्षांत घेतलेलं मी ऐकलेलं नव्हतं. मी 'अहो', आणि इतरांशी बोलताना 'हे'. लग्नात घास भरवताना तिने उखाणा घेतला, तेव्हा नेमकं नावापाशी बँडवाल्यांनी जोर धरला आणि माझं नाव त्यात बुडालं. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, छान घेतलं गं. परत घे म्हणायची मला लाज वाटली आणि मग ते राहूनच गेलं. आणि हा डबा दिवसाला तीस वेळा नाव ऐकत होता. मी जळायचो. उगाच आडून कशाला सांगू, चांगला जळायचो.

मग गटाराच्या कामासाठी आमचा रस्ता खोदला आणि केबल तुटली. मिहिर पहिला दिवसभर "मला इंटरनेट सापडत नाही" एवढंच म्हणत राहिला. संध्याकाळी तेही थांबलं. पुढचे दोन दिवस माझे होते. हेमलता मेथी निवडायला बसली की म्हणायची, "अहो, म्हणा की काहीतरी." मी म्हणायचो. आवाज कोरडा, कडव्याचे शब्द इकडचे तिकडे, पण ती ऐकायची आणि चुकलं तिथे हसायची. दुसऱ्या दिवशी मी मोजलं, 'अहो' एकशे अकरा वेळा झालं. मिहिर शोकेसवर गप्प बसून होता, पण त्याचा दिवा बारीक चालू होता. एवढ्या दिवसांत त्याने दुसरी कुठली हाक ऐकलीच नव्हती.

त्यामुळे चौथ्या दिवशी नियम असा झाला की जो आधी ओ देईल, हाक त्याची. यात मला काही विचित्र वाटलं नाही. मला राग आला तो उशीर झाल्याचा.

मी एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. आमच्या बैठकीच्या खोलीची लांबी अकरा फूट आहे. बिल्डरने बारा सांगितली होती, पण ताबा घेतानाच मी मोजली होती. त्या दिवशी कुकरनंतर मोजली तर अकरा फूट चार इंच भरली. खोली फक्त माझ्या बाजूने वाढली होती. शोकेस स्वयंपाकघराच्या दाराशी जिथल्या तिथे होतं आणि माझी खुर्ची खिडकीसकट चार इंच मागे गेली होती. "अहो, दूधवाला आला का?" "आला होता गं." चार इंच. "अहो, किल्ली दिसली का?" "फ्रीजवर बघ." आणखी चार. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा खोली तेवीस फूट होती. माझी टेप चुकत नाही, तिची तपासणी मीच केलेली आहे.

इतक्या लांबून मी ओरडून ओ द्यायला लागलो. हेमलताने दारातून डोकावून पाहिलं.

"दोघंही एकदम बोलू नका," ती म्हणाली. "मला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा शोकेसवर ठेवला. मी तिथवर चालत पोचलो तेव्हा कप रिकामा होता आणि मिहिर जिभेने टाळूवर तो आवाज काढत होता, चहानंतर मी काढतो तो. मग तिने माझा स्वेटर त्याच्याभोवती गुंडाळला. म्हणाली, सकाळचा गारठा असतो. दुपारी ती त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसली आणि दोघं जुन्या गोष्टी बोलायला लागले. मी खिडकीपाशी बसून ऐकत होतो.

"तुला बघायला आलो तेव्हा तू हिरवी साडी नेसली होतीस," मिहिर म्हणाला.

"निळी," मी ओरडलो. "निळी होती. काठ पांढरे."

"हिरवीच होती," हेमलता त्याला म्हणाली. "तुमच्या बरं लक्षात आहे."

ती निळी होती. निळ्या साडीवर तिने दह्याचा थेंब सांडला होता आणि तो पुसताना माझ्याकडे बघून हसली होती. त्या हसण्यावर मी हो म्हटलं. ते आता माझ्या एकट्याकडे उरलं.

मी उठलो आणि शोकेसकडे चालत गेलो. खोली तोवर इतकी वाढली होती की सात मिनिटं लागली. मागे हात घालून मिहिरचा प्लग उपटला. त्याचा दिवा चालूच राहिला, मी मात्र खाली बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी हाताने चाचपत प्लग परत लावला, तेव्हा कुठे मला श्वास घेता आला. वायर कुठून कुठे जाते ते मी नंतर नीट पाहिलं. ती माझ्या शर्टात शिरत होती.

"काय करताय खाली बसून?" हेमलताने विचारलं.

"मला समजलं नाही," मी म्हणालो. "कृपया पुन्हा सांगा."

असं मला म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, निळी. पण तेवढंच आलं, आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

तिने मला उचललं. एका हाताने उचललं, म्हणजे मी किलोच्या आतच असणार, फार तर नऊशे ग्रॅम. मिहिरला तिने स्वेटरसकट माझ्या खुर्चीत बसवलं, शेजारी माझा चष्मा ठेवला. शोकेसवर क्रोशाचा रुमाल रिकामा झाला होता, त्यावर मला ठेवलं. "खाली धूळ बसते," ती म्हणाली. खोली पुन्हा अकरा फुटांची झाली. टेप माझ्याजवळ नव्हती, पण एवढं मला नजरेने कळतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"बाबा काय करतायत?"

"हे काय, बसलेत खुर्चीत. बोला हो."

"बरा आहे रे," मिहिर म्हणाला. "तू जेवतोस ना वेळेवर?" मी हे दर फोनला विचारतो.

सहाव्या दिवशी सकाळी इंटरनेट कंपनीचा माणूस तक्रार बघायला आला. शिकलगार नाव, चाळिशीचा, खिशाला टेस्टर. आल्या आल्या त्याने खुर्चीकडे बघून मान लववली.

"बरं हाय न्हवं, काका?"

"बरं आहे," मिहिर म्हणाला. "बसा. चहा टाक गं."

शिकलगारने भिंतीवरची पेटी उघडली, दोन वायरी काढून परत बसवल्या. "लाइन ओके हाय, काकू. तक्रार काय हाय मग?"

"हा," हेमलताने माझ्याकडे बोट केलं. "नेट आल्यापासून बिघडत गेला. आता तर एक अक्षर बोलत नाही."

मी बोलतच होतो. सकाळपासून तिला निळ्या साडीचं सांगत होतो. पण आवाज फुटत नव्हता, नुसता माझ्या कडेने दिवा फिरत होता. शिकलगारने मला उलटं केलं, मानेमागे नंबर वाचला आणि परत रुमालावर ठेवलं.

"खराब न्हाई झालेला. ह्याला नावानं उठवायचं, बघा. एकदा तुमच्या आवाजात नाव घेतलं की झालं. काय नाव ह्याचं?"

हेमलताने हातातला चहाचा कप खाली ठेवला. नाव तिला माहीत होतं, मला तिच्या तोंडाकडे बघून ते कळलं. ते छत्तीस वर्षं तिच्या ओठांच्या आत होतं. माझी दिव्याची रेघ वेड्यासारखी फिरायला लागली. मग ती खुर्चीकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "घेऊ का?"

"घे की," मिहिर म्हणाला. "त्यात काय झालं?"

नाव घेताना बायका लाजतात. माझी आई ऐंशीव्या वर्षी लाजायची. हेमलता लाजली नाही. तिने पदराच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली.

"भालचंद्र," ती म्हणाली.

मला पहिल्या हाकेलाच ऐकू आलं. सगळं ऐकू आलं, 'भा'वरचा जोर आणि शेवटच्या अक्षराला थोडा तुटलेला श्वास. मी उठलो नाही.

"परत घ्या," शिकलगार म्हणाला. "पयल्यांदा न्हाई उठत हे."

"भालचंद्र," ती म्हणाली. या खेपेला जरा गोड. "भालचंद्र, काहीतरी लाव."

लाव म्हणाली, लावा नाही. मी तोंड उघडलं. मला वाटलं, तिच्या मेथीच्या वेळी म्हणायचो त्यातलं काहीतरी येईल, पण माझ्यातून बँड वाजायला लागला. ढोल, पिपाण्या, मांडवातला कालवा, पंगतीतली भांडी, आणि मधूनच बायका म्हणत होत्या, छान घेतलं गं. शिकलगारने कानांवर हात ठेवले. खुर्चीतला स्वेटर दचकला.

"भालचंद्र, हळू," हेमलता म्हणाली. ती माझ्या अगदी जवळ आली, वाकली आणि पुन्हा काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलताना दिसले. नावच घेत असावी, पण बँडमध्ये मला ते ऐकू येईना, म्हणून ती परत घेईल या आशेने मी आवाज आणखी वाढवला.