मी पेंटरकाकांचा पत्ता

मी टपालपेटी बोलतेय. रस्त्याच्या कोपऱ्यावर ऐटीत उभ्या असतात त्या माझ्या श्रीमंत चुलतबहिणी. मी पत्र्याची, भिंतीवरची. चर्चच्या बाजूच्या दाराशेजारी दोन स्क्रूंवर लटकत माझा जन्म चाललाय.

मला एका वेल्डरनं बनवलं. दुपारची वेळ होती, पोटभर जेवण झालेलं, डोळे पेंगत होते. पुढून त्यानं मला छान घासूनपुसून हिरवा रंग दिला. मागचा पत्रा तळाशी जोडायचा मात्र राहून गेला. मदतनिसानं दाखवलं, तर म्हणाला, "आत कोण डोकावतंय?" आणि खरंच, बारा वर्षं कुणी डोकावलं नाही. तेवढी एक फट मी पोटात बाळगून आहे.

चर्चमध्ये माझा ताबा सेक्रेटरीसाहेबांकडे. शाळेत हेडक्लार्क होते, आता निवृत्त. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी परदेशी. त्यामुळे त्यांची सगळी माया चर्चच्या वस्तूंवर. बाकं मोजणं, नळ घट्ट बंद करणं आणि तरुण संघाच्या मुलांना "आवाज कमी!" म्हणणं ही त्यांची रोजची कामं. माझी किल्ली ते गळ्यातल्या दोरीला बांधून ठेवत. माझ्यात येऊन येऊन काय यायचं? मासिकं, लग्नपत्रिका, आणि गाद्यांच्या दुकानाच्या जाहिराती. पण रुबाब तिजोरीचा.

माझ्या डोक्यावर एक खिडकी आहे. आत दर रविवारी उपासनेनंतर तरुण संघाचा वर्ग भरतो. घेणारी ताई इस्पितळात नर्स आहे, म्हणून तिला कुणाच्याही थापा चटकन कळतात. त्या महिन्यात तिनं विषय दिला होता, बेघर माणसं आणि देवावरचा विश्वास. वर्गातली सात मुलं उत्साहानं तक्ता करायला बसली. घर नसलेला माणूस दाखवायचा म्हणून त्यांनी आधी मोठंसं घर काढलं, त्याला कौलं, पडदे, धुराडं सगळं केलं आणि मग त्यावर लाल फुली मारली. घर इतकं सुंदर झालं होतं की फुली मारताना एकीचा हातच होईना.

वर्गात एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं, म्हणून सगळे तिला पणबाई म्हणत.

"पण ताई," पणबाई म्हणाली, "आपण दर रविवारी म्हणतो, देवा, बेघरांना घर दे. पण देव हे काम सांगणार कुणाला?"

"तू काय करते आहेस सध्या?" ताईनं विचारलं.

"मी? काही नाही."

"मग तुलाच सांगेल बहुतेक."

वर्ग खो खो हसला. पणबाई हसली नाही.

ताईनं सगळ्यांना एकेक फॉर्म दिला आणि सांगितलं, की तक्ता राहू दे, एका तरी बेघर माणसाशी बोलून या. कुठं शोधायचा बेघर माणूस, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. कुणी म्हणालं स्टेशनवर जाऊ, कुणी म्हणालं पुलाखाली जाऊ. मी इकडे मनातल्या मनात कपाळ बडवत होते. कारण माझ्या खाली, बाजूच्या दाराच्या पायरीवर, तीन महिन्यांपासून एक माणूस रोज सकाळी येऊन बसत होता. ही सातही मुलं त्याला ओलांडून वर्गात आली होती.

ते पेंटरकाका. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. मग पाट्या मशिनवर छापून येऊ लागल्या, आणि त्याच सुमाराला काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला. काम गेलं, आणि पाठोपाठ दुकानामागची राहायची खोलीही गेली. उरली एक पिशवी. तिच्यात कपडे आणि कापडात गुंडाळलेले चार ब्रश.

मुलं बाहेर आली आणि पणबाईच काकांच्या पिशवीला अडखळली. "सॉरी काका," म्हणाली आणि थबकली. मग फॉर्म काढून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. बाकीचे भोवती उभे.

"काका, तुमचा पत्ता?"

"लिही की, ही पायरी. वरून दुसरी. खालची ओली असते."

मुलांना हसावं की नाही कळेना.

पणबाईनं पुढचा प्रश्न वाचला. "तुमचा देवावर विश्वास आहे का?"

"नसता तर रोज सकाळी भांडतो कुणाशी?" काका म्हणाले. "तुमच्या प्रार्थनाही ऐकतो हो मी खिडकीखालून. आमेन तुमच्यापेक्षा मी मोठ्यानं म्हणतो. तुमचं आपलं तोंडातल्या तोंडात."

हे मात्र खरं होतं. मी साक्षीदार आहे.

"तुम्हाला कशाची गरज आहे?" या प्रश्नाखाली ब्लँकेट, जेवण, कपडे असे चौकोन छापलेले होते. काकांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "पत्ता हवाय. आहे का चौकोन?"

मग त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या इस्पितळात ऑपरेशनसाठी त्यांचं नाव लागलेलं होतं. तारीख पत्रानं कळवतात. दोनदा पत्र जुन्या खोलीवर गेलं आणि दोनदा परत फिरलं. मोबाइल होता, तो झोपेत कुणीतरी नेला. आता तिसऱ्यांदा तारीख चुकली तर नाव यादीतून जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इस्पितळातल्या बाई भल्या होत्या, पण पत्त्याची ओळ कोरी असली की त्यांचा कागद पुढे सरकत नव्हता.

"पण पत्ता तर आहे," पणबाई म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

बारा वर्षांत माझ्याकडे बोट दाखवून कुणी काही चांगलं बोललं नव्हतं. मी अंगभर शहारले.

मुलांनी चर्चच्या पाळकसाहेबांना दाराशीच गाठून विचारलं. सोबतचे सेक्रेटरीसाहेब शहारले ते वेगळ्या कारणानं. "चर्चचा पत्ता म्हणजे काय धर्मशाळेचा पत्ता आहे? आज एक आला, उद्या दहा येतील!"

"पण दहा आले तर बरंच ना, साहेब? उपासनेला तरी कुठे गर्दी असते?"

पाळकसाहेब खोकल्याच्या आड हसले आणि परवानगी देऊन टाकली. दुसऱ्याच दिवशी इस्पितळाच्या कागदावर काकांच्या नावापुढे माझा पत्ता लागला. साहेबांनी गळ्यातली किल्ली काढून मुलांच्या हातात दिली, पण चेहरा असा, की जणू किडनी काढून देतायत. वर एक गोष्ट केली. दोन दिवसांनी बाजूच्या पायऱ्यांवर फुलझाडांच्या सात कुंड्या आणून ठेवल्या. "शोभेसाठी," म्हणाले. बसायला चार बोटं जागा उरली नाही. पेंटरकाका आले, हातानं चाचपून पाहिलं, एका फुलाचा वास घेतला आणि निघून गेले.

मुलांना हे कळलंच नाही. ती माझ्यात गुंतली होती. पहिल्या आठवड्यात सातही जणं पेटी उघडायला रोज हजर. किल्लीवरून भांडणं. दुसऱ्या आठवड्यात चौघं. मग परीक्षा आल्या, आणि उरली एकटी पणबाई. तीही धावतपळत यायची, झाकण उचलायची, आत एक नजर टाकायची, "रिकामी," म्हणायची आणि पळायची. चांगलं काम सुरू करायला माणसांना फार आवडतं. तिसऱ्या आठवड्यात ते कुठं जातं, मला ठाऊक नाही.

पत्र आलं ते मंगळवारी. पातळ, खाकी, इस्पितळाचा शिक्का असलेलं. त्याच्यामागून पोस्टमननं मासिकांचा जाडजूड गठ्ठा कोंबला आणि त्या धक्क्यानं पत्र सरकलं ते थेट माझ्या मागच्या फटीत. बुधवारी पणबाईनं गठ्ठा काढला, आत पाहिलं, "रिकामी," म्हणाली. गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच. मला बोलता येत नाही याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या तीन दिवसांत वाटलं. मी प्रार्थनासुद्धा केली. पत्र्याच्या पेटीची प्रार्थना पोचते की नाही, हे ताईलाच विचारावं लागेल.

शनिवारी दुपारी सेक्रेटरीसाहेब आले. मुलांनी आत चॉकलेटचे कागद टाकले असणार, असा त्यांना दाट संशय. किल्लीची दुसरी प्रत त्यांच्याकडे होतीच, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला, फट चाचपली, आणि पत्र बाहेर आलं.

साहेबांनी नाव वाचलं. पोस्टाच्या शिक्क्यावरची पत्र पोचल्याची तारीख वाचली. मंगळवार. मग मान वर करून त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. कुंड्यांमधली फुलं फार टवटवीत दिसत होती.

दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. पण ऑपरेशनची तारीख असणार हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी ताईला फोन लावला. एरवी खणखणीत असलेला आवाज बसलेला होता. "पत्र आलंय. चार दिवस झाले. आणि माणूस... माणूस मी घालवला."

अर्ध्या तासात सगळे जमले. पणबाईचा चेहरा रडवेला. "मी रोज बघत होते हो," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिला कुणी रागावलं नाही. दोघादोघांच्या जोड्या निघाल्या. साहेबांच्या वाट्याला पणबाई आली, किंवा तिच्या वाट्याला साहेब.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी खिडकीतून ऐकलं, पणबाईनं वर्गात सांगितलं तेव्हा.

आधी दोघं चहाच्या टपरीवर गेले. "पेंटरकाका कुठं राहतात?" तिनं विचारलं. चहावाला म्हणाला, "राहत नाहीत ते. बसतात. वाचनालयाच्या व्हरांड्यात बघा." तिथं गेले तर व्हरांड्याला साखळी लावलेली. रखवालदार म्हणाला, गेल्या आठवड्यात उठवलं त्यांना. बँकेच्या ओट्यावर असतील. बँकेच्या ओट्यावर टोकदार सळया बसवलेल्या. बस स्टँडच्या बाकाला मधेमधे लोखंडी दांडे घातलेले, म्हणजे कुणी आडवं होऊ नये. साहेब आधी भराभर चालत होते, मग हळू चालायला लागले. त्या दांड्याला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या कुंड्या निदान दिसायला बऱ्या होत्या."

"पण साहेब," पणबाई म्हणाली, "काका अजून सापडायचेत," आणि ती पुढे चालू लागली.

काका सापडले सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे. उन्हं उतरत आली होती. भिंतीला टेकून बसले होते आणि पिशवी पोटाशी. पणबाईनं पत्र हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि तिला परत दिलं. "तूच वाच. तेवढ्यासाठी तर ऑपरेशन करायचंय."

तिनं शिक्क्यापासून सगळं वाचून दाखवलं. ऑपरेशनची तारीख सोमवारची होती. सकाळी आठ वाजता.

"देवानंच वेळेत पोचवलं, काका!" पणबाई म्हणाली.

"देवानं मंगळवारीच पाठवलं होतं, शिक्का सांगतोय," काका म्हणाले. "चार दिवस उशीर तुमच्याकडचा. त्याच्या माथी नको."

पत्राखाली आणखी दोन ओळी होत्या. सोबत एक माणूस आणावा. ऑपरेशननंतर रोगी पंधरा दिवस कुठं राहणार, तो पत्ता लिहून द्यावा. पणबाईनं वाचलं आणि साहेबांकडे पाहिलं. टपालपेटीत कुणाला पंधरा दिवस झोपवता येत नाही.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "माझ्याकडे तीन खोल्या आहेत," ते म्हणाले. "दोन बंदच असतात." भिंतीवर कागद ठेवून त्यांनी स्वच्छ अक्षरात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला आणि मग काकांना म्हणाले, "पायरीवरचं... ते मी केलं होतं."

"माहीत आहे. शेवंती होती," काका म्हणाले. "पाणी जास्त घालता तुम्ही."

वर्गात हे सांगून झालं. मग ताई म्हणाली, "आजचा धडा झाला." प्रार्थना झाली, आणि आमेन चांगलं रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

ऑपरेशन पार पडलं. पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. दोघांची भांडणं चालतात, रेडिओ किती मोठा लावायचा यावरून आणि चहात साखर किती यावरून. पण साहेबांच्या शर्टाची बटणं आता सगळी जागेवर असतात, आणि एका डोळ्यानं लख्ख दिसायला लागल्यापासून काकांना बेकरीची पाटी रंगवायचं काम मिळालंय. दुसऱ्या डोळ्याची तारीख यायची आहे.

साहेबांचं भाकीत मात्र खरं ठरलं. एकाचे दहा झाले, खरं तर अकरा. अकरा बेघर माणसांचा पत्ता आज मी आहे. त्यांची यादी साहेबांनीच वहीत केलीय, आणि पत्र आलं की माणूस शोधायला ते स्वतः निघतात. माझी फट बुजवून घ्या, असं काका म्हणाले होते. वेल्डर आला, त्यानं बुजवलीही. पुन्हा जेवूनच आला होता, पण या वेळी साहेब शेजारी उभे होते.

आता माझं वय झालंय. कडांना गंज चढलाय. तरी एक गोष्ट सांगायची राहिलीय. त्या अकरांत एक आजी आहे. दर सोमवारी येते, माझ्यासमोर केस सारखे करते आणि विचारते, "माझं काही?" साहेब वही बघितल्यासारखं करतात आणि म्हणतात, "आज नाही, आजी." ती म्हणते, "असू दे. त्याला वेळ झाला नसेल." तो कोण, मुलगा की भाऊ, तिनं सांगितलं नाही. गेले तेरा सोमवार असंच चाललंय.

म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या घरातून कुणी निघून गेलं असेल, रागावून, हरवून, नाहीतर नुसतंच दूर दूर होत, तर दोन ओळी लिहा. पत्ता नसला तरी लिहून ठेवा. मी आहे, माझ्यासारख्या आणखीही आहेत. कुठल्यातरी पेटीसमोर कुणीतरी केस सारखे करून उभं असेल.