छबूबाईची ढेकळं

आमच्या फिरत्या माती-प्रदर्शनाची गाडी गावात लागली, की लोक आपापल्या शेतातली माती घेऊन येतात. आणतात तीही अशी, की जणू पाहुणे मुलगी बघायला आलेत! खडे वेचलेली, चाळलेली, कुणी तर नव्या रुमालात बांधलेली. अहो, मला जशी आहे तशी हवीय. सांगून सांगून घसा बसला. आमचे ड्रायव्हर फैयाजभाई म्हणतात, "हुमेरा, चिडू नकोस, त्यांना अभिमान असतो." असू दे.

त्या दिवशी सोनईच्या पुढे एका वस्तीवर होतो. प्रयोग सोपा आहे. पाण्याने भरलेली काचेची बरणी, तोंडाशी जाळी, जाळीवर वाळलेलं ढेकूळ. मातीत शेणखत, पालापाचोळा मुरलेला असेल तर ढेकूळ पाण्यातही टिकतं. नसेल तर विरघळतं आणि तळाला नुसता गाळ.

गर्दीतून छबूबाई पुढे आल्या. मागे त्यांचे दोन मुलगे, थोरला छगन आणि धाकटा श्रीमंत, एकमेकांकडे न बघता उभे. जमिनीची वाटणी चालली होती. रीतीप्रमाणे थोरल्याने दोन वाटे पाडले होते, आता धाकट्याने निवडायचं होतं. पण "यात कायतरी गोम हाय," असं श्रीमंत चारचौघांत बोलून गेला आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

"पोरी, दोन्ही वाट्यातलं आनलंय," छबूबाई म्हणाल्या. "सारखं निघालं तर लई बरं हुईल. मला दोघांच्याबी दारात जायचंय."

मी ढेकळं दोन बरण्यांत ठेवली. उगवतीच्या वाट्यातलं बघता बघता विरघळलं. मावळतीकडचं ढिम्म हललं नाही.

"बघा! म्या म्हनत हुतो का न्हाई?" श्रीमंत ओरडला. "ह्यो मला उगवतीचाच वाटा निवड म्हनत हुता!"

"आईची आन, मला ठावं नव्हतं," छगन म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं, आणि छगनने भावाची कॉलर धरली. फैयाजभाई मध्ये पडले म्हणून बरं.

मला शंका आली. "मावशी, हे टिकलेलं ढेकूळ नेमकं कुठून काढलंत?"

"म्हसोबापासनं. देवाच्या पायाची माती चांगली असती. उगवतीकडं देव न्हाई, मग तिथलं आपलं सरीतनं काढलं."

"आणि म्हसोबापाशी नांगर?"

"छ्या! तितं कुनी नांगर घालीत न्हाई, युरिया टाकीत न्हाई, पाला पडतो तितंच कुजतो. आजेसासऱ्यापासनं तसंच हाय."

मी कपाळाला हात लावला. दोघा भावांना एकाच मोटरसायकलवर बसवलं आणि बजावलं, प्रत्येक वाट्याच्या मधोमध जाऊन उसाच्या सरीतलं एकेक वाळलेलं ढेकूळ आणा, देवाला त्रास देऊ नका.

ते आले. मी पाणी बदललं, नवी ढेकळं ठेवली. दोन्ही एकदमच सुटली. दोन्ही बरण्यांत सारखाच गढूळ गाळ.

"सारखीच हायत की!" छगन म्हणाला.

"दादा, चुकलं माझं," श्रीमंत म्हणाला आणि त्याने भावाला मिठीच मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी सगळ्यांना चहा सांगितला. मी मात्र जळफळत होते. जमीन मेलीय हे डोळ्यांनी बघून ही माणसं टाळ्या पिटत होती! 'मातीला जगवा' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या माझ्या फलकाकडे कुणाची पाठ होती, कुणाचा खांदा त्यावर टेकला होता. मी बोलायला गेले, तर एकाने मलाच चहाचा कप दिला.

छबूबाई बरण्यांपासून हलल्या नव्हत्या.

"आई, चल की," श्रीमंत म्हणाला. "आता भांडान ऱ्हायलंच न्हाई."

"मला भांडान चाललं असतं रं," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्या एकाची तरी माती जित्ती निघायला पायजे हुती."