रिजेक्टच्या पाकिटातल्या माद्या

धम्मरत्न रिटायर होऊन आठ महिने झाले होते, पण त्यांच्या नजरेचा निरोप समारंभ करायचं कंपनीच्या लक्षातच आलं नाही. चाकणच्या पेंट शॉपमध्ये गाड्यांच्या रंगावरचे ठिपके शोधण्यात तीस वर्षं गेली. आता गाड्या नव्हत्या, म्हणून ते बायकोच्या, नीलाबाईंच्या पोळ्या उलटून डाग बघत. "पास की रिजेक्ट, ते सांगा आणि जेवा," असं नीलाबाई रोज म्हणायच्या.

अशात गॅलरीत लेकीने ठेवलेली शिरीषाची काटकी दिसली. तांबूस ठिपक्यांनी नुसती भरलेली. त्यांचे हात शिवशिवले. ती ज्या झाडाची, ते रहाटणीचं झाड रस्तारुंदीकरणात तोडलं, त्या सकाळी सायली काटकी काढताना स्टूल धरायला तेच गेले होते. तिची पीएचडी किड्यांवर आहे हे तिने कधी सांगितलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. सांगितलं तेव्हा ऐकलं नाही, असं नीलाबाईंचं.

कोमट पाण्याचं फडकं आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन त्यांनी तासाभरात काटकी लखलखीत केली.

संध्याकाळी सायलीने काटकी पाहिली आणि उलटसुलट फिरवली. "पप्पा, यावर किडे होते."

"एक पण हलत नव्हता की."

"खवलेकीड हलत नाही. मादी सालीत सोंड खुपसते, अंगावर मेणाचं कवच चढवते आणि जन्मभर तिथेच बसते."

"आणि नर?"

"त्याला पंख असतात. दोन-चार दिवस जगतो. तोंड नसतं त्याला."

"निसर्गाला कळतं," नीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

सायली हसली नाही. ही जात नवी की जुनीच, हे मादीचं अंग सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरणार होतं आणि झाड तर गेलं होतं. तिचे डोळे भरून आले. धम्मरत्नांना फार वाईट वाटलं. चांगला माल त्यांनी आजवर कधी रिजेक्ट केला नव्हता.

ते उठले आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आले. "रिजेक्ट माल कुणी फेकतं का? टॅग लावून ठेवायचा असतो."

आत सगळे ठिपके होते. वर लाल चिठ्ठी: झाड शिरीष. ठिकाण रहाटणी, शाळेसमोर. उजवी फांदी, खालून दुसरी. तोडल्याची तारीख, वेळ. दोष: चिकट ठिपके. खाली सही.

सायलीने भिंग लावलं. काही माद्या फुटल्या होत्या, पण बऱ्याचशा अख्ख्या होत्या. मग तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. कुठून, कधी, कुणी आणले हे लिहिलं नाही म्हणून मागच्या महिन्यात गाईड मॅडमनी तिचे सगळे नमुने परत केले होते. याही वेळी ती नंतर लिहू म्हणूनच थांबली होती.

तिने नवी चिठ्ठी लिहायला घेतली. गोळा करणाऱ्यांत आपल्या नावापुढे पप्पांचं नाव घातलं. धम्मरत्नांनी ती तपासली.

"दोष लिहायचा राहिला."

"होता कुठे?" सायली म्हणाली.

नीलाबाईंनी ताट वाढलं, आणि त्या दिवशी धम्मरत्नांनी पोळी न उलटता खाल्ली.