सव्वीस पत्र्यांवरची फिल्म

नखाने उचललं की टिकलीएवढा तुकडा हातात यायचा. बाकीची फिल्म तिथेच. सकाळी सातपासून खरवडून रजबने एका पत्र्याचा हातभर भाग मोकळा केला होता. असे सव्वीस पत्रे होते, आणि दुपारी तीनला रेल्वेचे इंजिनियर भिंत ताब्यात घ्यायला येणार होते.

भिंत म्हणजे रुळाच्या कडेने उभी केलेली, गाड्यांचा आवाज अडवणारी. पोलादी खांबांमध्ये बसवलेले हिरवे रंगीत पत्रे. कारखान्यातून येताना प्रत्येक पत्र्यावर पातळ पारदर्शक फिल्म असते, ट्रकमध्ये ओरखडा पडू नये म्हणून. पत्रा उभा राहिला की त्याच दिवशी ती काढायची. हे काम ठेकेदाराने रजबला दिलं होतं. वय एकसष्ट, जन्म भातगिरणीत पोती शिवण्यात गेला, त्यामुळे बोटं चलाख. पावणेदोनशे पत्रे त्याने सोलले, एकावरही ओरखडा नाही. फक्त स्वतःच्या गावासमोरच्या सव्वीसांवर त्याने फिल्म मुद्दाम ठेवली.

का, तर रजबच्या फ्रिजवर तीन वर्षं झाली तरी फिल्म आहे. टीव्हीच्या रिमोटवर आहे. मोटारसायकलच्या सीटवर आहे, बसलं की चर्र वाजतं. गावात सगळ्यांकडे हेच. नवी वस्तू जितके दिवस नवी राहील तितकी बरी. मग गावाची भिंतच तेवढी लवकर जुनी का करायची? पण तीन महिने ऊन खाऊन फिल्म पत्र्याशी एकजीव झाली. त्याच दिवशी काढा म्हणतात ते का, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

एरवी ठीक होतं. पण या भिंतीच्या देखभालीला रेल्वे एक माणूस कायमचा घेणार होती. भिंत धुवायची, स्क्रू तपासायचे, कुठे खरचटलं तर रंग लावायचा. ठेकेदाराच्या सुपरवायझर मिस तिओ, त्यांनी रजबचं नाव पुढे केलं होतं. हो की नाही ते आज ठरणार. त्याने घरी सांगून टाकलं होतं, आणि बायकोने, साऊदाने, तिच्या टपरीवर केळ्याची भजी घेणाऱ्या प्रत्येकाला.

वेल्डर मिसलान मोटारसायकल थांबवून गंमत बघत होता. त्याचं म्हणणं, कारखान्याचा गोंदच खराब होता म्हणून सांगायचं, कोण बघायला जातंय. रजबने ब्लेड काढलं. तेवढ्यात मिस तिओ आल्या. त्या रजबला पाकचिक, म्हणजे काका, म्हणत.

"पाकचिक, ते ब्लेड खिशात घाला. वरचा रंग गेला की खाली गंज धरेल."

"नखं संपली, मिस."

"बाकीचे सगळे झाले. हे कसे राहिले?"

मिसलान खाकरला. रजबने तिकडे पाहिलं नाही.

"राहिले नाहीत. मीच ठेवले. म्हटलं, आपल्या गावापुढची जरा नवी दिसू दे."

मिस तिओंना ओरडायचं होतं, पण हसूच आलं. "माझी आई सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढू देत नाही," त्या म्हणाल्या. "पण सोफा उन्हात नसतो हो, पाकचिक."

मग त्यांनीच उपाय सांगितला. गरम पाण्यात भिजवलेलं कापड पत्र्यावर धरायचं, गोंद सैल झाला की कोपऱ्यातून हळूहळू ओढायचं. साऊदाने भज्यांची कढई उतरवून पाण्याचं पातेलं चढवलं. शेजारणी जुने सारोंग घेऊन आल्या. थोड्या वेळात अख्खी भिंत वाफाळत्या लुंग्यांनी भरली, रेल्वेच्या खर्चाने गावाची धुणी वाळत घातल्यासारखी.

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," साऊदा शेजारणींना म्हणाली, "यांना कपडे पिळताना आज बघतेय."

मिसलानही निमूट बादल्या वाहायला लागला. तीनपर्यंत चोवीस पत्रे स्वच्छ झाले. शेवटचे दोन राहिले. त्यांच्यावर झाडाची सावली पडत नव्हती, तिथली फिल्म काही हलेना.

इंजिनियर झुबिर आले ते प्रत्येक पत्र्यावरून तळहात फिरवत. शेवटच्या दोन पत्र्यांपाशी थांबले. मिसलान जवळच होता. त्याने गोंदाचं सुरू केलं.

"गोंद चांगला होता, तुआन," रजब साहेबांना मध्येच म्हणाला. "फिल्म मी काढली नाही. चूक माझी."

साऊदाने हातातलं ओलं कापड पुन्हा पिळलं, त्यात पाणी नव्हतं तरी. इंजिनियरांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, हे दोन आजच उतरवा, नवे यायला सहा आठवडे लागतील. मिस तिओंनी हळूच नोकरीचं विचारलं.

"नाव राहू दे," ते म्हणाले. "नवे पत्रे हेच सोलतील. बसवतील त्याच दिवशी. मी येऊन बघेन, मग सही."

तोवर उघड्या जागेवर कुणीतरी बसायला हवं. शेळ्या, पोरं थेट रुळावर जातील. ते काम कुणाचं, हे सांगावं लागलं नाही.

पाचला पत्रे उतरले. दोन पत्र्यांच्या फटीतून रूळ दिसले, पलीकडे भात दिसला, आणि बघता बघता निम्मं गाव चटया घेऊन येऊन बसलं. रजबने ठेकेदाराने दिलेल्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, फटीत दोर आडवा बांधला आणि पायाने मातीत रेघ मारली. याच्या पुढे कुणी नाही, साऊदासुद्धा नाही. तिने टोमणा मारला, पण चटई मागे ओढली.

सहा वाजून दहा मिनिटांनी उत्तरेकडून गाडी आली. आवाज सरळ छातीत घुसला. सगळ्यांनी हात हलवले, खिडक्यांतूनही हलले. रजबने दोर दोन्ही हातांनी ताणून धरला होता, त्याला हात हलवता येईना. गरम पाण्याने त्याची बोटं पांढरी पडली होती. तो प्रत्येक डब्याला मान हलवत होता, नीट तपासून पास केल्यासारखी. सहाच्या सहा डब्यांना.