टाक्यातलं औषध

मायानं पिशवीतून बाटली काढली आणि टाक्यात थेंब सोडले, तशी केशरबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"काय टाकून राहिली वं माह्या पाण्यात?"

"औषध हाय मावशी. डासाच्या अळ्या मरतात. माणसाले काई होत नाई."

घरात माणसं किती, ताप कोणाला, हेही मायानं विचारलं. जाताना दारावर खडूनं तारीख लिहिली. दवाखान्याकडून घरोघर फिरते म्हणे. पण फुकटात एवढी कळकळ कोणाला असते?

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या बोळीत नळ पाचव्या दिवशी यायचा. नळाच्या दिवशी, सून रूपाली अंगणवाडीत शिकवायला गेल्यावर, केशरबाईनं टाकं उपसलं. घासलं नाही, नुसतं पुन्हा भरलं. पाण्याचा रंग बदलतो का हे दिसावं म्हणून झाकण अर्धं उघडंच ठेवलं. शेजारच्या तीन घरांतही तिनं कानोकान सांगितलं, "त्या बाईले आत घेऊ नोका." पुढच्या खेपांना माया आली की घरात कोणी नसल्यासारखी ती गप्प बसून राहायची.

तीन आठवड्यांनी रूपाली तापानं फणफणली. डोळ्यांच्या मागं ठणका, हाडं मोडल्यासारखी. दवाखान्यात रक्त तपासलं, तर डेंग्यू. प्लेटलेट भराभर खाली येत होत्या, म्हणून तिला भरती करून घेतलं.

मुलगा नितेश अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या कापड गिरणीतून धावत आला.

"त्या बाईनं पाण्यात टाकलं, तवापासून सारं हाय," केशरबाई म्हणाली.

नितेशनं तडक मायाच्या दवाखान्यात तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथले साहेब मायाला घेऊन दारात हजर. मायानं पांढऱ्या वाटीत टाक्यातलं पाणी घेतलं. वाटीत अळ्या वळवळत होत्या.

"औषध असतं तर इतक्या अळ्या काहून असत्या?" साहेबांनी मायाकडं रोखून पाहिलं.

"म्हणजे टाकलंच नाई!" नितेश ओरडला. "कागदावर लिवून मोकळी झाली!"

माया पांढरीफटक पडली. "साहेब, म्या टाकलं होतं. देवाची शपथ. मंग जवा आली तवा घर बंद होतं."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. केशरबाई उंबऱ्यात उभी होती. नुसतं गप्प राहिलं तरी भागत होतं. माया मात्र तिच्याकडं बघतही नव्हती, आणि तेच तिला सहन होईना.

"तिनं टाकलं होतं," ती म्हणाली. "म्याच उपसलं. झाकणबी म्याच उघडं ठेवलं."

नितेश आईकडं पाहत राहिला. मग त्यानं बादली उचलली, टाकं रिकामं केलं आणि आतल्या भिंती ब्रशनं घासायला बसला. माया खाली वाकून म्हणाली, "काठाले घासा भाऊ. अंडे तिथंच चिकटून असतात."

आठव्या दिवशी रूपाली घरी आली. केशरबाईनं तिला स्वतःच सगळं सांगितलं. रूपाली म्हणाली,

"माया अंगणवाडीत रोज भेटते मले. मले इचारलं असतं, आई, तरी झालं असतं."

माया पुन्हा आली तेव्हा केशरबाई पदर खोचून तिच्यासोबत निघाली, त्या तीन घरांकडं. दोन दारं उघडली. तिसऱ्या दारामागून आवाज आला, "तुमीच तं सांगतलं होतं ना, आत घेऊ नोका मनून?"

केशरबाई तिथंच पायरीवर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.