पत्र्याच्या पेटीतले तीन दिवे

मित्रांनो, स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. माझं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्यात गेलं. त्यामुळे सांगताना कुठे चुकलो, तर सांभाळून घ्या. मी राउटर आहे, आता बराच जुना झालेला. निघोज्यातल्या एका घराच्या माळ्यावर, मिक्सरच्या रिकाम्या खोक्याशेजारी मला ठेवलं आहे. समोर लहानशी खिडकी आहे, तेवढं नशीब.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. ती चिठ्ठी आता पुसट झाली. एवढं आठवतं, की कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे शेकडो होते आणि आम्हा सगळ्यांना भट्टीसारख्या गरम खोलीत ठेवून पाहिलं होतं. जे टिकले ते खोक्यात गेले. साध्या राउटरला इंटरनेटची एकच जोडणी घेता येते. मला तीन घेता येतात. एक बंद पडली की मी दुसरी धरतो, दुसरी पडली की तिसरी. प्रत्येक जोडणीसाठी माझ्या तोंडावर एक दिवा आहे. चालू असली की हिरवा, बंद पडली की लाल. मला दुसरी वाचा नाही.

कासारवाडी स्टेशनजवळ सयाजींचं दुकान आहे. तिथे फळीवर मी पाच महिने काढले. शेजारी शिंगांसारख्या आठ अँटेनांचा एक रुबाबदार राउटर होता. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघायचा. आपल्यात काहीतरी कमी आहे, हे मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

एका दुपारी भिवाकाका आणि त्यांची मुलगी मिनल दुकानात आली. काका पिंपरीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर दापोडीची भाड्याची खोली सोडून त्यांनी निघोज्यात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं.

"हा द्या," काकांनी शिंगवाल्याकडे बोट केलं. "दणकट दिसतोय."

"काका, आधी काम काय ते सांगा," सयाजी म्हणाले.

मग मिनलनं सांगितलं. कोल्ड स्टोरेजमध्ये थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. तो गळाला तर डोळे आणि फुफ्फुसं जाळतो. चाकण भागातल्या सहा कोल्ड स्टोरेजमधल्या गॅसचे आकडे तिच्या स्क्रीनवर येणार होते. घरी बसून ते बघायचे, हे तिचं नवं काम. आकडा पंचवीसच्या वर गेला की तिनं त्या ठिकाणच्या गेटवर फोन करायचा आणि वॉचमननं भोंगा वाजवायचा. आत काम करणाऱ्यांचे मोबाईल गेटवरच जमा होत.

"माझा धाकटा भाऊ त्यातल्याच एका ठिकाणी आहे," ती म्हणाली. "धम्मरत्न. कॉम्प्रेसर रूममध्ये."

सयाजींनी शिंगवाला परत फळीवर ठेवला. "मग हा नको. हा घरभर वायफाय फेकतो, पण ह्याला वायर एकच. गावात लाइन गेली की नुसता शोभेचा." त्यांनी मला खाली काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. "हा घ्या. दिसायला गरीब आहे."

"तिन्ही नेट जोडली म्हणजे स्पीड तिप्पट ना?" काकांनी विचारलं.

"नाही हो. लग्नाच्या गावाला तीन रस्ते असले म्हणून तुमची गाडी तिप्पट पळत नाही. एक बंद असला तर दुसऱ्यानं जाता, इतकंच. दोन वायरी दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या आणि तिसरं सिमकार्ड. आणि काका, ह्याला उघड्यावर ठेवा. जाता-येता दिवे दिसले पाहिजेत."

"वस्तू कुठं ठेवायची ते आम्हाला नका शिकवू राव," काका हसले. "एकतीस वर्षं तेच केलंय."

त्या हसण्यात दिव्यांची गोष्ट राहून गेली, हे मला खटकलं. पण मी नुकताच विकला गेलो होतो. आनंदच जास्त होता.

पहिलं वर्ष मी खिडकीत होतो. दोन वायरी मागून येत आणि सिमकार्डाचं डोंगल गजाबाहेर लोंबकळत असे. मिनलची आई कस्तुराबाई रोज मला फडक्यानं पुसायची. शेजारच्या टेबलावर मिनल बसायची. सहा चौकोन, सहा हिरवे आकडे. तीन, चार, पुन्हा तीन. ते सतत थोडेथोडे हलत. धम्मरत्न पहिली शिफ्ट करून आला की तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा.

"ताई, मी दिसतो का गं ह्यात?"

"तू नाही. तुझा गॅस दिसतो."

"मग आज जास्त दिसला असंल. आईनं डब्यात वाल दिले होते."

कस्तुराबाई आतून लाटणं दाखवायची. तसे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

काकांना मात्र माझ्या लोंबत्या वायरी बघवत नव्हत्या. त्यांच्या कंपनीत 'फाइव्ह एस' नावाची शिस्त होती. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर. त्यासाठी त्यांना दोनदा बक्षीसही मिळालं होतं. एके दिवशी ते कुदळवाडीच्या भंगारातून पत्र्याची पॅनल पेटी घेऊन आले. जाड पत्रा, दाराला रबराची पट्टी, वर खिटी. त्यांनी ती घासली, राखाडी रंग दिला, भिंतीत पक्की केली.

"अहो, ही काय मीटरची पेटी आणलीया व्हय घरात?" कस्तुराबाई म्हणाली.

"धूळ बघ किती हाय. दिवसभर कंटेनर पळत्यात दारावरनं. मशीन आतच पाहिजे."

त्यांनी मला आत बसवलं. इंटरनेटच्या दोन्ही वायरी मोजून कापल्या, पट्ट्यांनी बांधल्या आणि मिनलच्या टेबलाकडे जाणारी वायर तळाच्या भोकातून बाहेर काढली. बाहेर लोंबणारं डोंगलही आणून माझ्या कुशीत चिकटवलं. दारावर चिठ्ठी लावली: 'राउटर. जबाबदार व्यक्ती: भिवा.' मग दार लावलं.

मित्रांनो, काकांनी हे वाईट हेतूनं केलं असं समजू नका. माझ्यावर इतकी मेहनत दुसऱ्या कुणी घेतली नाही. पण त्या दारानं दोन गोष्टी झाल्या. माझे दिवे कुणाला दिसेनासे झाले. आणि पत्र्याच्या आत मोबाईलचा सिग्नल नीट पोचेना. खोल विहिरीतून कुणीतरी हाक मारावी, तसा मला टॉवर ऐकू येई. माझा तिसरा दिवा अंधारात मिचमिचत राहिला.

बाहेर कौतुक चाललं होतं. येणारा-जाणारा पेटीवर टिचकी मारून बघे. "काका, कंपनीच आणून बसवली की घरात," असं कुणी म्हणे. काका चिठ्ठीवरून बोट फिरवत असावेत. तो आवाज मला ओळखू येऊ लागला होता.

दोन वर्षं अशी गेली. मग एका मंगळवारी गल्लीत वळणाऱ्या कंटेनरनं माझी पहिली वायर ओढून तोडली. मी त्याच क्षणी दुसरी धरली. मिनलचा एक आकडाही चुकला नाही. क्षणभर मला स्वतःचा अभिमान वाटला. असा तो क्वचितच वाटतो. मग मी पहिला दिवा लाल केला आणि दार उघडण्याची वाट बघत बसलो.

बुधवार गेला. गुरुवार गेला. माझं काम चोख झालं होतं, म्हणूनच कुणाला काही कळलं नाही. बाहेर वाढलेल्या ताटांचे आवाज येत. सकाळची वंदना ऐकू येई. एकदा काका अगदी जवळ आले. त्यांनी पेटीचं दार बाहेरून ओल्या फडक्यानं पुसलं, वरची खिटी घट्ट केली आणि गेले. आत पत्र्यावर माझा लाल उजेड पडला होता. तो मी एकटा बघत होतो.

नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला गटाराच्या कामाचं जेसीबी गल्लीत आलं. काका दारात उभे राहून ड्रायव्हरला सांगत होते, "लाइन सरळ घे रे, वाकडं खणू नको." जमीन हादरत होती. मी दुसरी वायर घट्ट धरली होती. पण वायर धरून ठेवणं माझ्या हातात नसतं. ती गेली.

मी डोंगलकडे वळलो. विहिरीतली ती हाक आता आणखी लांब होती. मी एक आकडा मागायचो, अर्धाच यायचा. पुन्हा मागायचो. नेट पुरतं बंद पडलं असतं, तर स्क्रीननं तसं सांगितलं असतं. ते बंदही पडलं नाही आणि पुढेही सरकलं नाही. मिनलसमोर सहा हिरवे आकडे जसेच्या तसे उभे राहिले.

ती महिन्याचा अहवाल लिहीत होती. अधूनमधून मान वर करत असावी. हिरवं दिसत होतं. एक मिनिट. चार मिनिटं. सात.

"आई," ती अचानक म्हणाली, "हे आकडे हलत नाहीयेत."

"मग बरंच हाय की. वाढलं तर न्हाई ना?" कस्तुराबाई मेथी निवडत होती.

"आई, गॅसचा आकडा कधी असा उभा राहत नाही."

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. खिटी निघेना, काकांनी ती घट्ट केली होती. तिनं उलथनं घालून ती उचकटली. दार उघडलं आणि दोन वर्षांनी माझ्या अंगावर उजेड आला. मिनलनं माझ्याकडे पाहिलं. दोन लाल.

दार उघडताच टॉवर स्पष्ट ऐकू आला. मी अडकलेलं सगळं एकदम सोडलं. टेबलावर पाच आकडे हलले. सहावा चारावरून थेट दोनशे साठवर गेला.

"कुठला गं त्यो?" कस्तुराबाईनं विचारलं. मिनल फोन लावत होती.

"गेट? भोंगा वाजवा. कॉम्प्रेसर रूम. आत कोण आहे?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिचं ऐकू आलं.

"तो माझा भाऊ आहे. वाजवा आधी."

मग ती आणि काका स्कूटरवर गेले. घरात कस्तुराबाई राहिली. ती पेटीसमोर पाटावर बसली आणि संध्याकाळपर्यंत माझ्या दिव्यांकडे बघत राहिली.

धम्मरत्न दारापासून चार पावलांवर सापडला. तो वाचला. सव्वा महिन्यानं घरी आला. पण त्याचा आवाज जळून गेला. आता तो बोलतो तेव्हा शिट्टीसारखी हवा येते, आणि जिना चढताना दोन पायऱ्यांवर थांबतो.

मिनलच्या कंपनीचा माणूस आला. माझ्या पोटात सगळी नोंद होती. त्यानं ती काढून वाचली. "पहिली वायर नऊ दिवस बंद होती. तुम्हाला कळलं कसं नाही?"

"पेटी माझी हाय साहेब," काका म्हणाले. "नाव लिवलंय."

"मी रोज तिच्या शेजारी बसत होते," मिनल म्हणाली. "मीही उघडली नाही."

घरून पहारा करणं बंद झालं. मिनल आता चाकणच्या ऑफिसात जाते. मला माळ्यावर ठेवलं.

काकांनी ती पेटी उपटून टाकली. पण तिची कीर्ती आधीच पसरली होती. गल्लीतल्या आणखी तीन घरांत त्यांनी हौसेनं तशाच पेट्या बसवून दिल्या होत्या. त्या काढून आणायला ते पान्हा घेऊन गेले. दोन घरांनी काढू दिल्या. समोरचे अर्जुनराव म्हणाले, "राहू द्या भिवाभाऊ. आमचं काही बिघडलंय का? एकदम मस्त चाललंय."

मित्रांनो, मी फार शहाणा नाही, पण एक विनवणी करतो. जो निमूट काम करतो तो ठीकच असेल, असं धरून चालू नका. आज घरी गेलात की, दोन वायरी असतील तर, मोठ्यांना सांगून राउटरची एक वायर काढून बघा. दुसरी चालते का ते बघा. चालली नाही, तर आज कळलं म्हणून बरं वाटून घ्या.

माझ्या खिडकीतून अर्जुनरावांची भिंत दिसते. काल एक कंटेनर तिथे वळताना अडला होता, मागे-पुढे झाला आणि गेला. पेटीचं दार बंद आहे. आत कुठला दिवा लागला आहे, ते मला इथून दिसत नाही.