कुणावर गेली ही?

डोकं धुऊन झालं होतं, टॉवेल गुंडाळून झाला होता, तरी पडद्याबाहेर यायला ती तयार नव्हती.

"ये ना बाहेर. खुर्ची मोकळी आहे," पार्लरच्या काकू म्हणाल्या.

"इथंच बसते. इथं बरं आहे."

इथं म्हणजे पार्लरच्या मागच्या कोपऱ्यात, केस धुवायच्या बेसिनपाशी. एक स्टूल, शाम्पूचे मोठे कॅन आणि पाठीमागे ओल आलेली भिंत. बरं वाटावं असं तिथं काहीही नव्हतं. पण मधे पडदा होता, आणि पडद्यापलीकडे तिची अकरा वर्षांची लेक आरशासमोरच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती.

काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता त्या बाहेर गेल्या. काकू आणि काही न बोलता! हात चालू तर तोंड चालू अशी ती बाई. पण आदल्या दिवशी हिनं फोन करून विनवलं होतं, "काकू, उद्या लेकीला घेऊन येतेय. तिच्यासमोर माझ्या केसांचा विषय काढू नका. विचारलंच तर स्पा म्हणा." काकू "बरं" म्हणाल्या होत्या, पण कडू औषध गिळावं तसं.

आता ती स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. टॉवेल कपाळावर आणखी खाली ओढला. बाहेर क्रीमचा डबा उघडल्याचा वास आला. इतकी वर्षं घेतलेला तो उग्र वास, डोळ्यांत पाणी आणणारा, आज नाकाला सहन होईना. मोबाइल थरथरला. नणंदेचा निरोप होता: "झालं का? फोटो पाठव." तिनं मोबाइल पालथा ठेवला.

गोष्ट म्हटली तर साधी होती. तिचे स्वतःचे केस कुरळे होते. कुरळे म्हणजे नुसते वळणदार नव्हेत, कंगव्याचे दात मोडतील असे. लहानपणी तिची आई ते तेलात बुडवून दोन घट्ट वेण्या घालायची, त्यामुळे जुन्या फोटोंत सगळं चापूनचोपून बसलेलं. पुढं ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागली. दुकानात जिकडं बघावं तिकडं आरसे. मालक तसा वाईट नव्हता, पण एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "गिऱ्हाइकानं चष्मे बघायचे की तुमचे केस?" सगळे हसले. तीही हसली, आणि पगार हातात आल्या आल्या काकूंच्या खुर्चीत जाऊन बसली.

त्या सरळ केसांनिशीच लग्न ठरलं. पहिल्या भेटीत सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. "किती सरळसोट केस गं तुझे! अगदी आमच्या घरातलीच वाटतेस." त्या एका वाक्यानं ती अशी हुरळून गेली की खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं. मग दर चार-पाच महिन्यांनी मुळाशी नवे कुरळे केस डोकं वर काढायचे, आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला काकूंकडे येऊन त्यांचा बंदोबस्त करायची. नवऱ्याला बायको पार्लरला जाते एवढं ठाऊक होतं. तिथं जाऊन ती नेमकं काय करते हे विचारावं, असं त्या भल्या माणसाला कधी सुचलं नाही.

मग ही लेक झाली. दोन वर्षांची होईपर्यंत डोक्यावर नावाला केस होते. आले ते एकदम भसाभस आले, गोल गोल, एकमेकांत गुंतलेले. "अगंबाई, कुणावर गेली ही?" नणंदेनं कौतुकानं विचारलं होतं. त्या दिवशी "माझ्यावर" एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी सांगावं, तर काल का गप्प बसलीस? पुढच्या महिन्यात सांगावं, तर इतके दिवस का लपवलंस? असं करता करता सांगायची सोयच उरली नाही. प्रश्न मात्र घरात मुक्कामाला राहिला. पाहुणे आले की निघायचा, फोटो काढला की निघायचा. कुणावर गेली ही झिपरी? आणि झिपरी हेच नाव पडलं.

आता पुढच्या आठवड्यात नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. "माझ्याकडून भेट समज, पण झिपरीचे केस सरळ करून आण," नणंद म्हणाली होती. "घरच्यांचा एक मोठा फोटो काढायचाय. ती एकटीच वेगळी दिसते गं." मनात काही वाईट नव्हतं तिच्या. झिपरीनं तर ऐकताक्षणी उडीच मारली. दुसऱ्या कुणाच्या हाती लेकीचं डोकं द्यायला हिचं मन धजेना, आणि स्वतःचीही मुळं वाढलेली होती. म्हणून दोघी इथं आल्या.

"केवढे दाट आहेत गं!" पडद्यापलीकडे काकूंना अगदीच राहवलं नाही. "कंगवा आत गेला की आतच राहतोय."

"आत्या म्हणते, पक्षी घरटं करतील."

"करू देत की. भाडं घे त्यांच्याकडनं."

झिपरी खुदकन हसली. मग म्हणाली, "काकू, एकदा सरळ झाले की परत कुरळे नाही ना होणार?"

"हे नाही होणार. नवे येतील ते कुरळेच येणार."

"मग?"

"मग परत यायचं माझ्याकडे."

"कायम?"

"कायम," काकू म्हणाल्या, आणि पुढचं काहीतरी त्यांनी गिळलं. ते गिळलेलं तिला पडद्याआड ऐकू आलं. "तुला अगदी मनापासून सरळ हवेत का गं?"

"हो."

"आवडतात म्हणून?"

"म्हणजे मग कुणी विचारणार नाही ना, कुणावर गेली म्हणून." खुर्चीच्या लोखंडी दांडीवर पाय आपटल्याचा आवाज येत राहिला, ठक ठक. मग तो थांबला. "काकू, एक सांगू? पण आईला नाही सांगायचं. तिला तिकडं ऐकू येतं का?"

"छे गं. पाणी चालू आहे तिकडं."

पाणी चालू नव्हतं. तिनं हात लांबवून नळ थोडासा सोडला.

"दवाखान्यात बाळं बदलतात ना कधी कधी? चुकून?" झिपरीनं आवाज खाली आणला होता. "नाहीतर कुणी कुणी आणतात ना कुठून तरी?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"नाही, मी बघितलंय नीट. बाबांचे सरळ, आजीचे सरळ, आत्याचे सरळ. आईचे तर सगळ्यांत सरळ. माझं नाकपण कुणासारखं नाहीये. म्हणजे, मला चालेल तसं. सगळे चांगलेच वागतात माझ्याशी."

"आईला विचारलंस का कधी?"

"नाही."

"का गं?"

"ती कधी खोटं नाही बोलत. 'हो' म्हणाली तर?"

नळ तसाच वाहत होता आणि तो बंद करायचंही तिला सुचेना. तिला वाटलं होतं, लपवलेले केस फक्त आपले आहेत, त्रास झालाच तर आपल्याला होईल. लेक मात्र इतके दिवस जेवणाच्या टेबलावर एकेकाचं नाक आणि केस बघत, मनात कसला तरी हिशोब मांडत बसली होती. आणि वर म्हणत होती, मला चालेल.

पडद्याआडून ओरडून सांगावं असं तिला वाटलं, अगं तू माझीच आहेस. पण असं तर कुठलीही आई म्हणेल. आणलेल्या मुलीची आईसुद्धा म्हणेल.

तिनं नळ बंद केला, पडदा सारला आणि खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. झिपरीनं आरशातून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ऐकलं की काय हिनं?

तिनं डोक्यावरचा टॉवेल काढला.

ओल्या केसांना लबाडी येत नाही. मुळापासून तीन बोटं नवे केस वाढले होते, आणि पाणी लागल्यावर ते डोकंभर वेटोळी करून बसले होते. त्यांच्याखाली जुने सरळ केस कंबरेपर्यंत लोंबत होते.

"आई, काय झालं तुझ्या केसांना?"

"काही झालं नाही. असेच आहेत."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

झिपरी खुर्चीवर गुडघ्यांवर उभी राहिली. आईच्या कानामागचं एक वेटोळं तिनं चिमटीत धरलं, ओढून सरळ केलं आणि सोडलं. ते टुणकन जागेवर गेलं. मग स्वतःचं एक ओढून सोडलं. मग पुन्हा आईचं. कपाळावर आठ्या घालून तिनं तीन-चार ठिकाणी तपासलं, बाजारात भेंडी मोडून बघावी तसं. मग हात मागं घेतला.

"मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटायची."

"माझी?"

"नाही गं! तुझी नाही. माझी मलाच."

झिपरीनं तिच्या गळ्यात हात टाकले नाहीत. ती खाली बसली, खुर्ची गर्रकन भिंतीकडे फिरवली आणि पाठमोरी बसून राहिली. आई तिच्या त्या पाठीकडे बघत उभी राहिली. टॉवेलमधून पाणी ठिपकत होतं. जवळ जावं की नको, हात ठेवावा की नको, तिला काही कळेना.

इथं काकूंचा बांध फुटला. "पुरे झालं बाई माझं मौनव्रत! अगं पोरी, तुझी आई पहिल्यांदा आली ना, तेव्हा माझे दोन कंगवे मोडले हिनं. दोन! तिसऱ्याला मी हातच लावला नाही, बोटांनी केस सोडवले. आणि नाकाचं काय घेऊन बसलीस? आईच्या नाकाकडे कधी नीट बघितलंयस का? ते केसच एवढे सरळ की नाकाकडे कोण बघतंय!"

खुर्ची हळूच थोडी वळली. झिपरी आईच्या नाकाकडे बघत होती.

"क्रीम सुकायला लागेल," काकू वाडगा हातात घेऊन म्हणाल्या. "आधी कुणाला लावू?"

"तिचं ती सांगेल," ती म्हणाली.

"तू लावणार?" झिपरीनं विचारलं.

तिनं आरशात बघितलं. तिला ते केस आवडत होते, हे खरं होतं. दुकानात चष्मा पुढं करताना खांद्यावरून ते सळसळत यायचे, तेव्हा तिला दरवेळी बरं वाटायचं. सासूबाईंचा हात फिरला होता तो याच केसांवरून.

"नाही," ती म्हणाली.

"मग अर्धे असे, अर्धे तसे दिसतील," काकू म्हणाल्या. "जिथं जोड आहे तिथं तुटत राहतील. नाहीतर सरळ तेवढे सगळे काढायचे." त्यांनी तिच्या मानेपाशी बोटं धरून दाखवली. उरत होतं ते अगदीच थोडं. "नीट विचार कर हो. लग्न तोंडावर आलंय."

"कापा."

काकूंनी पुन्हा विचारलं नाही. कात्री चालायला लागली आणि तिनं डोळे मिटले. रडू आलं. ते केसांसाठीच आलं, उगाच दुसरं काही कारण नव्हतं. मांडीवर, हातावर, पायाशी केस पडत गेले आणि मान उघडी पडत गेली. मधेच तिच्या हातात एक लहान हात येऊन बसला. तिनं डोळे उघडले नाहीत, न जाणो, हात परत गेला तर.

"मला आज नकोत," झिपरी म्हणाली. "पण मोठी झाल्यावर मला वाटलं, तर मी करीन."

"कर."

"तेव्हा नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

घरी जाताना वाऱ्यानं मानेवर काटा येत होता. दुकानांच्या काचांतून कुणीतरी आखूड केसांची बाई सोबत चालत होती आणि दरवेळी ती दचकत होती. मोबाइल दोनदा वाजला. तिनं उचलला नाही. झिपरी पुढं पळायची, वळून बघायची, पुन्हा पुढं पळायची. हिनं मात्र जिना एकेक पायरी करत चढला. दारापाशी पोहोचेपर्यंत ती मनातल्या मनात तीन वेगवेगळी वाक्यं जुळवून बसली होती.

दार नणंदेनं उघडलं; फोटोची वाट बघून ती घरीच आली होती. "फोन का उचलत नाही—" एवढं म्हणून ती थांबली. तिनं झिपरीकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग पुन्हा झिपरीकडे.

"हे काय करून आलीस गं? आणि हिचे तसेच? हे... हे केस कुणाचे?"

तिन्ही वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"आईचेच आहेत," झिपरी म्हणाली. "आत्या, आई माझ्यावर गेलीय."

नणंद हसली नाही. आतून सासूबाई आल्या आणि चष्मा वर सरकवून बघत राहिल्या. त्यांचा हात थोडा वर आला होता, तो हवेतच राहिला.

"कधीपासून गं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून, आई."

मग सासूबाई दारातून बाजूला झाल्या. "आत या. दारात काय उभ्या राहिलात."

झिपरी त्यांच्या हाताखालून आत पळाली. झिपरीच्या आईनं चपलांचे पट्टे सोडायला मान खाली घातली, आणि केस पुढं पडू नयेत म्हणून सवयीनं हात पाठीवर गेला. तिथं काही नव्हतं. तो हात तिनं खाली आणला आणि पट्टा सोडायला घेतला.